इथून त्या खिडकीपर्यंत

मित्रांनो, पिंजरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पोपट येतो, नाहीतर सर्कशीतला वाघ. मी तसला नाही. मी कोर्टातला जुना पिंजरा आहे, साक्षीदाराचा. मला गज नाहीत, छप्पर नाही, दार नाही. तीन बाजूंनी छातीपर्यंत येणारा लाकडी कठडा आणि पायांखाली एक फळी, एवढाच मी. ज्यानं काही पाहिलं असेल त्यानं माझ्यात उभं राहायचं, खरं सांगीन अशी शपथ घ्यायची आणि बोलायचं. बाहेर मिशा पिळणारे आत आले की घसा खाकरत राहतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मत्सरी आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा आपण किती झिजलो, किती सोसलं ते सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. मीही झिजलो. पण झिजलो त्याच्या दसपट जळलो. ज्याला हे आवडणार नाही त्यानं खुर्ची-टेबलाची गोड गोष्ट वाचावी.

जळायला सुरुवात झाली ती सुताराच्या अंगणातच. ओंडका एकच होता. त्यातून न्यायाधीशांचं मेज करायचं होतं आणि पिंजराही. थोरला भाऊ रंधा मारत होता, धाकटा फळ्या निवडत होता.

"दादा, ही गाठीची फळी कुठे लावू?"

"पिंजऱ्याला लाव. मेजाकडे लोक जन्मभर बघणार. पिंजऱ्यात कोण टिकतंय? चार वाक्यं बोलणार न् उतरणार."

झालं! सरळ रेघांचं, बिनगाठीचं लाकूड सगळं मेजाला गेलं आणि गाठी माझ्या वाट्याला आल्या. एकाच झाडाची आम्ही दोन लेकरं. पण एकाला ताट आणि एकाला खरकटं. भाऊबंदकी फक्त माणसांत असते असं समजू नका.

कोर्टाच्या खोलीतही तेच. मेज चौथऱ्यावर चढलं, त्याच्यावर हिरवं कापड आलं, कापडावर काच आली. शिपाई रोज सकाळी मऊ फडक्यानं काच पुसायचा. मग तेच फडकं, काळं झालेलं, माझ्या कठड्यावरून एकदा फिरवायचा आणि खिडकीतून झटकायचा. एकदा डबाभर पॉलिश आलं. मेजाला दोन हात दिले. थोडं उरलं, ते दाराला दिलं. दाराला! दार काय साक्ष देतं?

पण खरं सांगू का, मेजावर मी जळलो ते घरातल्या घरात. माझी हाडं जाळली ती एका पत्र्याच्या पेटीनं.

ही पेटी कोपऱ्यात असायची. पोचे आलेली, रंग उडालेली, रूपानं माझ्याहून वाईट. पण तिला प्रवास होता. तो कुठला, हे कळायला कोर्टांची उतरंड समजून घ्या. उतरंडीत मोठी मडकी तळाला आणि छोटं मडकं टोकाला असतं ना, तसंच राज्यातल्या कोर्टांचं. तळाला कोर्टं पुष्कळ, माझ्यासारखी. बहुतेक भांडणं, बहुतेक गुन्हे आधी इथे येतात. इथे एकटे न्यायाधीश बसतात, माणसांना बोलावतात आणि नक्की काय घडलं ते ऐकून घेतात. तळाची काही कोर्टं खास कामांना वेगळी काढलेली असतात. नवरा-बायकोच्या तंट्यांना एक, किरकोळ वादांना एक, वाट चुकलेल्या मुलांना एक. मुलांच्या कोर्टात म्हणे पिंजराच नसतो. पोरं बिचकतात म्हणून साधी खुर्ची देतात. त्या खुर्चीवरही मी जळतो.

खालचा निकाल पटला नाही तर माणूस मधल्या कोर्टात जातो. त्याला अपील म्हणतात. मधलं कोर्ट खालचे कागद मागवून घेतं, पुन्हा तोलतं, निकाल तसाच ठेवतं किंवा फिरवतं. आणि सगळ्यांच्या वर, टोकाला, राज्याचं एकच वरचं कोर्ट. तिथे दोघं-तिघं न्यायाधीश शेजारी शेजारी बसतात. काय घडलं हे ते सहसा नव्यानं विचारत नाहीत. खालच्यांनी कायदा नीट लावला का, कामाची रीत पाळली का, ते बघतात. त्यांनी एकदा सांगितलं की खालच्या सगळ्यांनी ऐकायचं.

आता नीट लक्ष द्या. अपिलात साक्षीदार वर जात नाही. त्याचा टाइप केलेला जबाब जातो. आणि जबाब जातो पेटीतून.

म्हणजे बघा. माणूस माझ्यात उभा राहून थरथरणार, त्याचे घामेजलेले तळवे माझ्या कठड्यावर उमटणार, उलटतपासणीत तो रडणार, चिडणार. आणि हे सगळं झाल्यावर त्याचा जबाब पोटात घालून मधल्या कोर्टात कोण जाणार? पेटी. संगमरवरी जिन्यावरून कोण चढणार? पेटी. परत येताना तिच्या झाकणावर नवी चिठ्ठी असायची, लाखेचा नवा ठिपका असायचा. शिपाई तिला उतरवून घेताना म्हणायचा, "आल्या बाईसाहेब, वरची हवा खाऊन!" आणि मी तिथेच. त्याच जागी, त्याच खिडकीसमोर. राज्याच्या टोकाचं कोर्ट कसं दिसतं हे मला कधी कळणार नव्हतं. तिथे पिंजरा लागतच नाही, हे एका वकिलानं हसत सांगितलेलं मी ऐकलं. त्या दिवशी माझी एक गाठ उकलली आणि तिथे चीर पडली.

अशात ती रंगाच्या गोदामाची केस आली.

गोदामात रंगाचे आणि थिनरचे डबे होते. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, आग लागली आणि गोदाम बसलं. मालकानं राखणदारावर आळ घेतला. रजेवरून दोघांची सकाळीच बाचाबाची झाली होती आणि मागच्या दाराची एक किल्ली राखणदाराकडे होती. "रागाच्या भरात यानंच पेटवलं," असं मालक म्हणाला. राखणदार म्हणाला, "मी पुढच्या फाटकावर होतो." पण फाटकावर त्याला पाहणारं कोणीच नव्हतं.

त्याच्या बाजूनं एकच साक्षीदार होती. इस्त्रीवाली. गोदामाच्या मागच्या गल्लीत तिची हातगाडी उभी असायची. आग लागायच्या जरा आधी मागच्या दारातून मालकाचा भाचा घाईघाईनं बाहेर पडताना तिनं पाहिला होता, तोंडात अर्धी सिगारेट. आत सिगारेट ओढायची नाही अशी मामाची ताकीद होती, म्हणून हा डब्यांच्या आड लपून ओढायचा. नंतर त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नाही.

इस्त्रीवाली माझ्यात आली ती पदर खोचून. कठड्यावर दोन्ही हात असे दाबून ठेवले, जणू मीच तिचं टेबल. शपथ झाली. राखणदाराच्या तरुण वकीलबाईंनी सोपे प्रश्न विचारले. मग सरकारी वकील उठले.

"बाई, तुम्ही रोज शेकडो कपडे बघता. नुसता शर्ट बघून माणूस ओळखलात?"

"उलटं झालं साहेब. माणूस बघून शर्ट ओळखला. त्याच्या कॉलरची इस्त्री माझ्याच हातची. सकाळी दिला होता, संध्याकाळी चुरगाळून बसला होता मेला."

मागच्या बाकांवर लोक हसले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. लोक गप्प झाले.

"म्हणजे तुमचा त्याच्यावर राग आहे."

"शर्ट चुरगाळला म्हणून कोणी कोणाला तुरुंगात घालायला निघतं का? मग माझा नवरा कधीच आत गेला असता."

"नीट उत्तर द्या. तुमची गाडी दारापासून किती लांब होती?"

आता इथे कान उघडा, मित्रांनो. पोलिसांनी नकाशा केला होता तो फक्त गोदामाचा. हातगाडी त्या दिवशी नेमकी कुठे होती हे कोणी मोजलंच नव्हतं. आग विझवणाऱ्यांनी गाडी ढकलून दिली होती आणि पुढे ती गल्लीच खणून काढली गेली. अंतर होतं ते फक्त तिच्या डोळ्यांत.

तिनं खोलीभर नजर फिरवली. मग समोर बोट केलं.

"इथून त्या खिडकीपर्यंत."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. तिथे शिपाई उभा होता. त्याच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसत होता. न्यायाधीशांनी मान हलवली आणि टायपिस्टला मजकूर सांगितला, "साक्षीदार म्हणते की, गाडी आणि दार यांत येथून त्या खिडकीपर्यंत आहे तेवढे अंतर होते. पुढे घ्या."

पुढे घ्या! टायपिस्टनं बोटं चालवली. सरकारी वकील खाली बसले. वकीलबाई खूश होत्या. "त्या खिडकीपर्यंत म्हणजे किती?" असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? खिडकी समोर होती ना सगळ्यांच्या! रोज ज्या खोलीत बसतो तीच सगळ्या जगाची खोली, असं खालच्या कोर्टातल्या माणसांना वाटतं. मलाही तसंच वाटत होतं.

निकाल लागला. तिला अगदी जवळून दिसलं होतं, तिच्यावर अविश्वास ठेवायचं कारण नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं आणि राखणदाराला सोडलं. त्याची बायको बाकावरून उठलीच नाही. पदरात तोंड घालून रडत राहिली. इस्त्रीवालीनं तिला दंडाला धरून उठवलं, "चल ग. आता रडायचं ते घरी जाऊन रड, इथे दुसऱ्यांची तारीख आहे."

सरकार अपिलात गेलं. कागद पेटीत भरले. त्यात इस्त्रीवालीचा जबाबही होता, माझ्या कठड्यावर हात दाबून दिलेला. शिपायानं पेटीला दोरी बांधली आणि बाईसाहेब निघाल्या. मी मनात म्हटलं, जा, माझ्या जिवावर मिरव.

काही महिन्यांनी वकीलबाई आमच्या खोलीत आल्या त्या धुमसत. जेवणाची सुट्टी होती. राखणदाराची बायको बाकावर बसून वाट बघत होती. बाईंनी हातातल्या फायली माझ्या फळीवर आपटल्या.

"फिरवला निकाल. तुमच्या यजमानांना आत घेतलं."

"का? आता काय केलं त्यांनी?"

"त्यांनी काही नाही केलं ताई. खिडकीनं केलं." बाई फायलींशेजारी फळीवरच टेकल्या. "मधल्या कोर्टाचा हॉल बघितलाय का तुम्ही? लग्न लावता येईल एवढा मोठा. तिथल्या सरकारी वकिलानं जबाब वाचला, 'येथून त्या खिडकीपर्यंत', आणि त्या हॉलच्या टोकाची खिडकी दाखवली. म्हणे, महाराज, अंधार पडताना इतक्या लांबून माणूस ओळखू येईल का? मी ओरडून सांगितलं, ही खिडकी नाही, ती खिडकी! तर म्हणे, ती किती लांब आहे हे कागदात कुठे आहे? नव्हतंच ना कुठे. आणि मी तरी तेव्हा कुठे विचारलं? बघत बसले खिडकीकडे, सगळ्यांसारखी."

बायकोनं वळून खिडकीकडे बघितलं. मग एवढंच म्हणाली, "पण ती खिडकी तर ही इथे आहे."

"हो. आणि निकाल देणारे तिथे आहेत."

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात त्या बाईची दया आली ती नंतर. आधी आली पेटीची चीड. एवढी सगळीकडे फिरणारी तू, एवढी वरची हवा खाल्लेली, तुझ्यानं एक खिडकी नेववली नाही? मग मनात आलं, मला नेलं असतं तर? मीही तिथे त्या हॉलमध्येच उभा राहिलो असतो. त्या लांबच्या खिडकीसमोर. माझीही तीच गत झाली असती. हा विचार मला अजिबात आवडला नाही आणि मी तो बाजूला सारला.

राखणदाराच्या बायकोनं वरच्या कोर्टात अपील केलं. कागद आणखी वर गेले.

मधल्या काळात माझे दिवस फिरले. आमचं कोर्ट पलीकडच्या नव्या इमारतीत गेलं. मेज गेलं. पेटीही आधी तिकडे गेली आणि मग वर. मला न्यायला दोन हमाल आले, एकानं मला हलवून बघितलं आणि म्हणाला, "हे कशाला? तिकडे नवा आलाय. मऊ गादीचा कठडा, बोलायला माइक." मला ढकलत ढकलत जिन्याखाली नेलं. माझ्यात बादल्या ठेवल्या. कठड्यावर ओली फरशीपुसणी वाळत घातली. ज्या कठड्यावर माणसं खरं बोलताना हात ठेवत, त्यावरून फिनेलचं पाणी ठिबकायचं. नव्या पिंजऱ्याला मी कधी पाहिलेलं नाही. तरी त्याच्यावर जितका जळलो तितका पाहिलेल्या कोणावरही जळलो नाही. माइक! कुजबुजलं तरी ऐकू जातं म्हणे. माझ्यात माणसाला ओरडून खरं बोलावं लागायचं.

मग एका सकाळी शिपाई आला आणि त्यानं माझ्यातल्या बादल्या भराभर बाहेर काढल्या. माझ्याकडे बघून हसला. "चल रे बाबा. वरून बोलावणं आलंय तुझ्या नावचं."

माझ्या नावचं!

झालं होतं असं. वरच्या कोर्टात दोन न्यायाधीश बसले होते. त्यातल्या एकांनी तो जबाब वाचला आणि दोन्हीकडच्या वकिलांना विचारलं, खिडकी नेमकी किती लांब? एकालाही सांगता आलं नाही. मग त्यांनी हुकूम काढला. मधल्या कोर्टानं आपल्या हॉलची खिडकी धरून निकाल दिला, हे रीतीला सोडून झालं. खालच्या कोर्टानं त्याच जुन्या खोलीत, साक्षीदार उभी होती तो पिंजरा त्याच्या जागी ठेवून, खिडकीपर्यंतचं अंतर मोजावं, साक्षीदाराला पुन्हा ऐकावं आणि वर कळवावं. उतरंडीतलं टोकाचं मडकं तळाच्या मडक्याला विचारत होतं, सांग बाबा, तुझ्यात काय होतं?

जुन्या खोलीत आता मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता. तो हटवला. खिडकीपुढचं कपाट सरकवलं, तेव्हा उजेड आत आला. आता कोर्टावर नव्या न्यायाधीश बाई होत्या. त्या स्वतः आल्या, नाकाला रुमाल लावून, धुळीत उभ्या राहिल्या. सरकारी वकील आले, वकीलबाई आल्या. राखणदाराची बायको दाराशी उभी राहिली. इस्त्रीवाली आली आणि आल्या आल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "अगबाई, याची काय दशा केलीत!" मला एवढंही पुरलं.

भांडण लगेच सुरू झालं. मी उभा कुठे होतो?

"पिंजरा मागच्या भिंतीला टेकून होता," सरकारी वकील म्हणाले. मागच्या भिंतीपासून खिडकी बरीच लांब पडत होती.

"मुळीच नाही. चौथऱ्याला लागून होता," वकीलबाई म्हणाल्या. चौथऱ्यापासून खिडकी हाताशी येत होती.

"शिपाई, तुम्ही सांगा," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

शिपायानं डोकं खाजवलं. "असाच इथे कुठेतरी होता बाई. मधोमध म्हणा, जरा अलीकडे म्हणा."

"जरा अलीकडे असं मी वर लिहून पाठवू?" न्यायाधीश बाई कडाडल्या. "याच घोळानं एक माणूस आत बसलाय. ठेवून बघा आधी. सरकवा."

शिपाई आणि टायपिस्ट मला सरकवू लागले. भिंतीकडून पुढे. माझे पाय फरशीवर करकरत होते. मी मेजासारखा गुळगुळीत नव्हतो, पेटीसारखा हलका नव्हतो. गाठीच्या लाकडाचं वजन ते, दोघांना घाम फुटला. थोडं पुढे, थोडं डावीकडे. आणि एकाएकी मी खाली बसलो. खट्ट. चारही पाय एकदम.

"आता हलेना झालाय," टायपिस्ट म्हणाला.

न्यायाधीश बाई खाली वाकल्या. माझ्या पायाखालची धूळ त्यांनी रुमालानं पुसली. फरशी मऊ दगडाची होती. वर्षानुवर्षं माणसं माझ्यात चढली-उतरली, माझे चार पाय दगडात रुतत गेले आणि चार खळगे पडले होते. मी बरोबर माझ्या खळग्यांत बसलो होतो. सरकारी वकीलही वाकले. बघितलं. उभे राहिले. पँटचे गुडघे झटकले आणि "मोजा," म्हणाले.

मित्रांनो, जन्मभर मी पेटीवर जळलो, कारण ती जगभर हिंडायची आणि मी एका जागी. आणि इथे सगळं अडलं होतं ते याच्यावर की एका जागी कोण राहिलं होतं. हे कळून माझा मत्सर गेला म्हणाल, तर तसं काही नाही. पण त्या दिवसापुरता तो वाट बघायला तयार झाला.

फीत लावली. माझ्या कठड्यापासून खिडकीच्या चौकटीपर्यंत. "चौदा फूट," शिपाई म्हणाला. न्यायाधीश बाईंनी स्वतः फीत वाचली आणि सरकारी वकिलांना वाचायला लावली. मग टायपिस्टला खिडकीशी उभं केलं, त्या वेळच्या उजेडासारखा उजेड होईल एवढी झडप ओढून घेतली, आणि इस्त्रीवालीला माझ्यात चढवलं. तिनं हात ठेवले. तेच हात, तसेच दाबून.

"काय दिसतं?"

"हे टायपिस्टभाऊ. वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं लावलंय. आणि शर्ट उशीखाली घालून इस्त्री केलाय. माझ्याकडे आणत जा की, फुकट करीन."

टायपिस्टनं बटण मुठीत झाकलं. न्यायाधीश बाईंनी हसू आवरलं आणि मजकूर सांगायला घेतला. या वेळी त्या एकेका गोष्टीपाशी थांबत होत्या. पिंजरा कुठे, खिडकी कुठे, अंतर किती, उजेड केवढा, साक्षीदारानं बोट कुठे केलं. मध्येच टायपिस्टला म्हणाल्या, "असं लिहा की ही खोली उद्या पाडली तरी वाचणाऱ्याला ती दिसली पाहिजे."

आणि मग? मग तो मजकूर पेटीत गेला. होय, पेटीतच! खळगे माझे, वजन माझं, आणि पुन्हा प्रवासाला बाईसाहेब. वरच्या कोर्टानं निकाल दिला. राखणदार सुटला. त्या निकालात खालच्या कोर्टानं मोजमाप मनापासून केल्याचं कौतुक आहे असं ऐकलं. पिंजऱ्याचं नाव आहे की नाही, मी विचारलं नाही. नसेल तर ऐकायची ताकद माझ्यात नव्हती.

भाच्याचं काय झालं म्हणाल, तर त्याच्यावर केस उभी राहिली आहे. ती नव्या इमारतीत चालते. तिथे माइकवाला आहे, माइकवालाच ऐकेल.

मला कोणी परत जिन्याखाली नेलं नाही. हलवायला जडच पडतो. त्याच खोलीत आता जप्त केलेल्या वस्तूंची कपाटं आली आणि मी त्यांच्यामध्ये उभा राहिलो. राखणदाराची विजेरी, शिट्टी आणि पट्टा पोलिसांनी पुराव्यासाठी घेतले होते, ते परत न्यायला नवरा-बायको दोघं आली. शिपाई कपाटात शोधायला लागला. राखणदार वाळून गेला होता. डोळे खोल गेलेले, कपडे अंगावर लोंबत होते. बायकोशी काय बोलावं हे विसरल्यासारखा खोलीत इकडेतिकडे बघत होता.

"हीच का ती खिडकी?"

"हीच."

तो चालत खिडकीपर्यंत गेला आणि वळून उभा राहिला. बायकोनं एकदा शिपायाकडे पाहिलं. त्याचं लक्ष नव्हतं. मग ती माझ्यात चढली. माझ्यात येणारे सगळे घाबरत येतात. ही तशी आली नाही. कठडा धरून ती समोर बघत राहिली.

"दिसतोय का मी?" त्यानं विचारलं.

माझ्या कठड्यावर काहीतरी ओलं पडलं आणि गाठीत जिरलं.

"दिसतोस की," ती म्हणाली. "आधी दाढी करून ये."

मित्रांनो, त्या वेळी मी खिडकीवरसुद्धा जळलो, कारण तो माणूस तिच्याजवळ उभा होता. तेव्हा माझ्याकडून शहाणपण घेऊ नका. पण कोणी हात पसरून तुम्हाला म्हणालं, "एवढं होतं," तर तिथल्या तिथे विचारा, केवढं? आणि ते शब्दांत लिहून ठेवा. वाचणारा दुसऱ्या खोलीत बसलेला असतो आणि त्याच्या समोर त्याची खिडकी असते. तुम्ही विचारायचं विसरलात, तर तुमच्याऐवजी दुसरं कोणीतरी तुरुंगात बसतं.

आणि माझ्यासारखा कोणी जुना कुठे दिसला, तर त्याच्यावर ओलं काही वाळत घालू नका. कोरडं फडकं फिरवा. पॉलिश उरलं असेल, तर दाराला देण्याआधी एकदा त्याच्याकडे बघा.